कुंभाराचं गाढव आणि सोन्याचा कण

घडा कशामुळे होतो, या प्रश्नावर भारतीय तर्कशास्त्र्यांनी जेवढा खल केला तेवढा कुंभारांनीही केला नसेल. माती हवी, हे उघडच. चाक हवं, चाक फिरवायला दांडा हवा, कुंभार हवा. पण ज्या गाढवाच्या पाठीवरून ती माती आली, त्याचं काय? घडा होण्याआधी तेही तिथे उभं होतंच की. सतराव्या शतकात विश्वनाथ पंचाननांनी ‘भाषापरिच्छेद’ या ग्रंथात त्याचा निकाल लावून टाकला. गाढव कारण नव्हे. कुंभाराचा बाप, दांड्याचा रंग आणि गाढव ही सगळी मंडळी ‘अन्यथासिद्ध’. हजर असतील, पण घड्याचं श्रेय त्यांच्या खात्यावर जमा होत नाही. माती कुणाच्या डोक्यावरून आली असती, तरी घडा झालाच असता.

कॅन्सरवरच्या औषधांचं काम चालतं त्या प्रयोगशाळांमध्ये गेली वीसेक वर्षं या गाढवाचा खटला पुन्हा उभा राहिला आहे. तिथे त्याला कुणी या नावाने ओळखत नाही, एवढंच. तिथलं गाढव सोन्याचं आहे आणि त्याची लांबी-रुंदी पन्नास ते दीडशे नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पटींनी कमी. पाठीवर औषध घेऊन रक्तातून गाठीपर्यंत जायचं, हे त्याचं काम. ते पोहोचलं की बाहेरून लेझरचा उजेड पाडायचा. कण तापतो, औषध सुटतं, आसपासच्या पेशी मरतात. उजेड पडलाच नाही तर औषध आतल्या आत बंद.

आता त्या पेशींना मारलं कुणी? औषधाने, सोन्याने, उजेडाने, की लेझरचं बटण दाबणाऱ्या हाताने? प्रश्न शब्दच्छलाचा वाटेल, पण त्याच्या उत्तरावर परवाना कुठल्या खात्याने द्यायचा, मात्रा कशी मोजायची आणि चूक झाली तर जाब कुणाला विचारायचा, हे सगळं अवलंबून आहे.

आधी हे यंत्र चालतं कसं, ते जवळून पाहायला हवं. सर्वांत देखणं उदाहरण यूनान शिया यांच्या गटाचं. अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी २००९ साली सोन्याचे पिंजरे वापरून औषध सोडून दाखवलं. पिंजरा करायची रीत मोठी मजेची आहे. आधी चांदीचे बारीक चौकोनी ठोकळे करायचे. ते सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात टाकले की चांदी विरघळत जाते आणि तिच्या जागी सोनं बसत जातं. शेवटी उरतो तो आतून पोकळ, भिंतींना भोकं असलेला सोन्याचा डबा. या डब्यावर एका बहुवारिकाच्या साखळ्या ब्रशच्या केसांसारख्या लावलेल्या असतात. अंगाच्या नेहमीच्या तापमानाला त्या पसरलेल्या राहतात आणि भोकं झाकतात. तापमान थोडं चढलं की त्या आक्रसतात, भोकं उघडी पडतात आणि आतलं औषध बाहेर झिरपतं. लेझर बंद केला की कण निवतो, साखळ्या पुन्हा पसरतात, दार लागतं.

तापण्यामागचं कारण सोन्याच्या इलेक्ट्रॉनांत आहे. एवढ्याशा कणातले मोकळे इलेक्ट्रॉन ठरावीक रंगाच्या उजेडाबरोबर एका तालात डोलू लागतात आणि त्या रंगाचा उजेड अधाशासारखा शोषतात. घेतलेली ऊर्जा सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही आत उष्णता होऊन बाहेर पडते. साधा गोल कण हिरवा उजेड शोषतो, पण हिरवा उजेड शरीरात फार आत जात नाही, रक्तच तो पिऊन टाकतं. म्हणून कणाचा घाट बदलायचा. तो काडीसारखा लांबट केला, पिंजऱ्यासारखा पोकळ केला किंवा काचेच्या गोळीवर सोन्याचा पातळ मुलामा चढवला, की शोषणाचा रंग सरकत सरकत ८०० नॅनोमीटरच्या आसपास, डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड उजेडापर्यंत नेता येतो. तो उजेड मांसातून काही सेंटिमीटर आत शिरतो. मुलाम्याची युक्ती ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात नेओमी हालास आणि जेनिफर वेस्ट यांनी वाढवली आणि २००३ साली त्यांच्या गटाने या युक्तीने गाठी जाळता येतात हे दाखवलं.

आता पुन्हा नैयायिकांकडे, म्हणजे न्यायदर्शनाच्या त्या तर्कशास्त्र्यांकडे.

त्यांच्या हिशेबात कारणं तीन प्रकारची. ज्यात कार्य वसतं ते समवायी, जशी घड्याची माती. त्या मातीच्या भागांचा एकमेकांशी झालेला संयोग हे असमवायी. आणि कुंभार, चाक, दांडा ही निमित्तकारणं. या सगळ्यांतून ‘करण’ निवडायचं, म्हणजे ज्याच्यामुळे काम खास करून घडलं ते. दांडा करण ठरतो, कारण तो चाकाचं फिरणं घडवतो आणि ते फिरणं घडा घडवतं. मधल्या या फिरण्याला ते ‘व्यापार’ म्हणतात. कारणातून जन्मणारा आणि कारणाचं काम पुढे नेणारा, अशी त्याची व्याख्या आहे. सोन्याच्या कणाची उष्णता या व्याख्येत नेमकी बसते. ती उजेड आणि सोन्याच्या भेटीतून जन्मते आणि औषधाचं दार उघडते.

पण गाढवाच्या जागी गोंधळ होतो. विश्वनाथांचं गाढव माती टाकून निघून जातं. सोन्याचं गाढव गाठीपाशी पोहोचलं की स्वतःच भट्टी होतं. वाहतूकदार म्हणून ते अन्यथासिद्ध, कारण औषध दुसऱ्या कशावरही लादता आलं असतं, स्निग्ध पदार्थांच्या थैलीत भरूनही नेता आलं असतं. उष्णता निर्माण करणारं म्हणून मात्र त्याला वगळताच येत नाही. एकच वस्तू एकाच कामात एकदा हिशेबाबाहेर आणि एकदा हिशेबाच्या मध्यभागी. जुन्या शास्त्राला असा प्रकार पेलतो का? बहुधा पेलतो. वस्तू कारण असते ती कुठल्या तरी धर्माने युक्त म्हणून, हे नैयायिक पुनःपुन्हा बजावतात. दांडा दांडा म्हणून कारण आहे, लाल म्हणून नाही. त्याच न्यायाने कण भारवाही म्हणून कारण नाही, उजेड शोषणारा म्हणून आहे. नव्या तंत्राने जुन्या शास्त्राला हरवलं, असं म्हणण्याचा मोह होतो तिथे जुनं शास्त्रच थोडं बारकाईने वाचावं लागतं.

याच शास्त्राचा सोन्याबद्दलचा दावा मात्र आज टिकत नाही, आणि तो का टिकत नाही हे पाहण्यासारखं आहे. अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ आठल्ये आणि बोडस यांच्या टिपा-प्रस्तावनेसह १८९७ साली मुंबई संस्कृत मालेत निघाला. महाराष्ट्रातल्या संस्कृतच्या विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्या त्या आवृत्तीवर पोसल्या. त्यात तेजाचे चार प्रकार सांगितले आहेत. जमिनीवरचा अग्नी, आकाशातली वीज, पोटातला जठराग्नी आणि चौथं खाणीत सापडणारं तेज, म्हणजे सोनं. सोनं धातू असलं तरी पृथ्वी नाही, ते तेज आहे! यावर पूर्वपक्ष येतो तो एखाद्या व्यवहारी माणसाचा. सोनं पिवळं आहे, जड आहे, हळदीसारखं, म्हणजे ते पृथ्वीच. सिद्धांतीचं उत्तर तेवढंच रोखठोक. तूप तापवत राहिलं तर त्याचा पातळपणा शेवटी जळून नाहीसा होतो. सोनं कितीही तापवलं तरी वितळलेलंच राहतं. सबब ते पृथ्वी नाही. पाणीही नाही, कारण पाणी मुळातच पातळ असतं आणि सोन्याला पातळ व्हायला विस्तव लागतो. उरलं तेज. पिवळेपणा आणि वजन हे त्यात मिसळलेल्या पृथ्वीच्या अंशाचं, त्यानेच तेजाचा खरा चकचकीत रंग झाकला आहे.

निष्कर्ष चुकला. सोनं १०६४ अंश सेल्सियसला वितळतं आणि त्याहून खूप वर, अडीच हजार अंशांच्याही पुढे, त्याची वाफ होते. सोनाराच्या मुशीत तेवढा ताप कुणी पाहिलाच नव्हता. पण युक्तिवादाची चाल पाहा. दिसणाऱ्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही, पदार्थाला आगीत घालून तो कसा वागतो ते पाहायचं आणि त्यावरून त्याची जात ठरवायची. प्रयोगाची हीच वृत्ती पुढे न गेल्याचं दुःख जास्त करायला हवं. सोनं तेज आहे, असं आपल्या पूर्वजांनी आधीच सांगून ठेवलं होतं आणि आज ते शरीरात तापवलं जातंय, असा जोड लावून टाळ्या मिळवणारे लेख निघतीलच. तो जोड फसवा आहे. कणाचं तापणं मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे होतं, आणि त्यासाठी कणाचा आकार आणि घाट नेमका असावा लागतो. न्यायाच्या जोडीच्या वैशेषिक दर्शनात गुणांची जी यादी आहे, तिच्यात रूप हा एक गुण आणि परिमाण, म्हणजे लहानमोठेपणा, हा दुसरा गुण. एकाने दुसरा ठरेल, असं त्या यादीतून सुचत नाही.

ते सुचलं मायकेल फॅरडेला, १८५७ मध्ये. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने सोन्याच्या क्षाराच्या द्रावणावर फॉस्फरसची क्रिया घडवली आणि हाती आला माणकासारखा लाल द्रव. तो दिसायला अगदी स्वच्छ द्रावण. पण त्यात उजेडाचा झोत सोडला की त्याची वाट धूसर शंकूसारखी उमटते. म्हणजे आत काहीतरी तरंगत होतं, डोळ्यांना न दिसण्याएवढं बारीक, आणि ते सोनंच होतं. सोन्याच्या कणांचा निव्वळ आकार बदलला तरी रंग बदलतो, असा निष्कर्ष त्याने काढला. त्याच्या हातच्या काही बाटल्या अजून तिथे जपून ठेवल्या आहेत, त्यातलं सोनं अजून तरंगतंय. त्याच्या निरीक्षणाचं गणित १९०८ साली गुस्टाफ मी या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने मांडलं.

सोन्याच्या बाबतीत जुन्या आणि नव्या अशा दोन्ही बाजूंना पाय असलेली एक वस्तू आपल्याकडे आहे, ती सुवर्णभस्म. त्याच्या नमुन्यांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पन्नास-साठ नॅनोमीटरचे कण आढळल्याचे अभ्यास प्रसिद्ध झाले आहेत. पुण्या-मुंबईत पुष्य नक्षत्राच्या दिवशी सुवर्णप्राशनाला मुलांची रांग लागते, तिथे हा मुद्दा हमखास ऐकू येतो. कण बारीक आहेत, हे खरं. बारीक कणाने रोग बरा होतो, हे त्यावरून निघत नाही. भस्म करणाऱ्याला कणाचा घाट ठरवता येत नव्हता आणि त्यावर काय लादलंय, ते कुठे उघडायचं, हा प्रश्नच त्याच्यापुढे नव्हता.

उजेडाने जागं होणाऱ्या औषधाची आपली खरी परंपरा शोधायचीच तर ती सोन्यात नाही, बावचीत सापडते. चरकसंहितेत श्वित्रावर, म्हणजे पांढऱ्या कोडावर, वनस्पतीचा रस पोटात देऊन रुग्णाला उन्हात बसवायला सांगितलं आहे. कोडावर बावचीचं तेल लावून ऊन घेण्याचा उपाय आजही गावोगाव चालतो. बावचीत सोरालेन हे द्रव्य असतं. अंधारात ते जवळजवळ निरुपद्रवी. अतिनील किरण पडले की ते पेशीच्या डीएनएला चिकटून बसतं. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी १९७४ साली सोरालेन आणि अतिनील दिवे यांची जोडी सोरायसिसवर आधुनिक उपचार म्हणून मांडली. बावचीचं तेल लावून जास्त वेळ उन्हात बसलेल्या माणसाची कातडी फोडांनी भरते, हेही गावोगाव ठाऊक आहे. म्हणजे मात्रा तेलाच्या थेंबांत मोजून भागत नाही, ती उन्हाच्या घटकांतही मोजावी लागते.

इथून दुसरा, अधिक अवघड प्रश्न निघतो. औषध दिलं गेलं केव्हा? सोन्याचे भरलेले कण सोमवारी शिरेतून सोडले आणि लेझर मंगळवारी लावला. सांख्य दर्शनाच्या पंडितांना विचारलं तर ते म्हणतील, सोमवारी. तिळात तेल असतंच, घाणा ते फक्त बाहेर काढतो. कार्य कारणात आधीपासून असतं, नंतर होतं ते प्रकट होणं. नैयायिक म्हणतील, मंगळवारी. कार्य नव्याने जन्मतं, त्याआधी ते नव्हतं. औषधनिर्मितीच्या भाषेत दोन्ही उत्तरांना किंमत आहे. विषारीपणा मोजणारा सोमवारची एकूण मात्रा धरून चालतो, कारण पिंजरा थोडाफार गळतोच. परिणाम मोजणारा मंगळवारी किती सुटलं ते पाहतो. डॉक्सोरुबिसिनसारखं किमोचं औषध हृदयाच्या स्नायूंना इजा करतं, त्यामुळे आयुष्यभरात एका माणसाला ते किती द्यायचं याला मर्यादा असते. बंद डब्यातून हृदयातून फिरून गेलेलं औषध त्या मर्यादेत धरायचं की नाही? इथे सांख्य आणि न्याय यांच्यातला वाद कागदावरच्या आकड्यात उतरतो.

सरकारी कचेऱ्यांना तर निवाडा करावाच लागतो. अमेरिकेच्या कायद्यात शरीरात रासायनिक क्रिया करून आपलं मुख्य काम साधतं ते औषध. तसं न करता काम करतं ते उपकरण. दोन्ही मिसळलेली वस्तू आली की तिची मुख्य क्रिया कोणती, हे ठरवून ती त्या त्या विभागाकडे धाडतात. हा ‘करण’ निवडण्याचाच उद्योग, फक्त तिथे पंडितांच्या जागी वकील बसतात. राइस विद्यापीठातून निघालेला सोन्याच्या मुलाम्याचा कण प्रोस्टेटच्या कॅन्सरवर माणसांत वापरून पाहिला गेला, तो उपकरण म्हणून, कारण त्यात औषध नव्हतंच, होती फक्त उष्णता. त्याच कणावर औषध लादलं की तो दुसऱ्या दाराने आत येईल. भारतात तर आणखी गंमत. १ एप्रिल २०२०पासून इथे सगळी वैद्यकीय उपकरणं कायद्याने ‘औषध’ या सदरात मोडतात. थर्मामीटरसुद्धा. नैयायिकाला हे ऐकून घेरी आली असती.

या पिंजऱ्यांचं औषध अजून दवाखान्यात पोहोचलेलं नाही, हे सांगायलाच हवं. सोन्याने आणि उजेडाने औषध सोडण्याचे बहुतेक प्रयोग काचपात्रांत आणि उंदरांत झाले आहेत. माणसांवरच्या ज्या चाचणीचा उल्लेख वर आला, तिचे निकाल २०१९ साली आले. १६ पुरुषांपैकी १५ जणांवर उपचार पूर्ण करता आला. कण आदल्या दिवशी शिरेतून द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी ऑप्टिकल फायबर थेट ग्रंथीत घालून लेझर लावायचा. प्रोस्टेटपर्यंत बाहेरून उजेड पोहोचत नाही, म्हणून सुई. आणि गाढवं वाट चुकतात ती तर ठरलेलीच. टोरंटो विद्यापीठातल्या वॉरेन चॅन यांच्या गटाने दहा वर्षांतले प्रयोग धुंडाळून २०१६ साली हिशेब मांडला, तेव्हा शिरेतून दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोहोचणाऱ्यांच्या प्रमाणाचा मध्यक ०.७ टक्के निघाला. शंभरातले नव्याण्णवांहून जास्त दुसरीकडे, आणि त्यातला मोठा वाटा यकृत आणि प्लीहेत.

या आकड्यानेच उजेडाची नैतिक बाजू पुढे येते. नेहमीच्या किमोत वाट चुकलेलं औषधही आपलं काम करतंच, केस गळतात, तोंड येतं. उजेडाची अट घातली की यकृतात अडकलेला कण तापत नाही, कारण तिथे कुणी लेझर धरलेला नसतो. चूक होते, पण तिचं फळ मिळत नाही. कर्म आणि फळ यांच्यामध्ये माणसाने अशी स्वतःची कळ बसवावी, ही कल्पना धर्मशास्त्राला किती रुचली असती कोण जाणे. तिथे केलेलं भोगायचं असतं. इथे दिलेलं परत बंद करता येतं, निदान डब्याचं झाकण घट्ट असेल तोवर.

सोन्याचं पुढे काय, हा प्रश्न पवईच्या आयआयटीतल्या रोहित श्रीवास्तव यांच्या गटाने आणि खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्रातल्या अभिजित डे यांच्या गटाने मिळून हाताळला. स्निग्ध पदार्थांच्या थैलीवर सोनं चढवलेले त्यांचे कण २०१५ साली उंदरांत तपासले गेले. काम झाल्यावर ते फुटून इतके बारीक होतात की मूत्रपिंडातून बाहेर जाऊ शकतात. आपलं गाढव माघारी घरी जावं, एवढी साधी अपेक्षा, पण बहुतेक धातूंच्या कणांना ती जमत नाही.

चरकाने मात्र कारणांच्या या भांडणात एक वेगळीच बाजू घेतली होती. वैद्य, औषध, सेवक आणि रुग्ण हे चिकित्सेचे चार पाय. त्यांत वैद्य मुख्य, आणि दाखला तोच, कुंभाराचा. माती, दांडा, चाक, दोरा सगळं आहे आणि कुंभार नाही, तर काही होत नाही. कायदा औषध की उपकरण एवढंच विचारतो, बटण दाबणाऱ्याला मोजत नाही. प्रोस्टेटच्या चाचणीत हा कुंभारही एकटा नव्हता. फायबर कुठे घालायचा हे एमआरआय आणि सोनोग्राफीची चित्रं एकमेकांवर बसवून ठरत होतं, म्हणजे लेझर धरणाऱ्या हाताआधी चित्र वाचणारा डोळा आणि ती चित्रं जुळवणारं सॉफ्टवेअर होतं. फायबर चुकीच्या जागी तापला तर जाब कुणी द्यायचा? करण शोधण्याची नैयायिकांची सवय इथे उपयोगाला येते, पण ती कर्त्याचं नाव सांगत नाही. ते चरकालाच विचारावं लागतं.

आणि चौथा पाय रुग्ण. किमोची सलाईन एकदा संपली की त्याच्या हातात काही उरत नाही. या उपचारात मधे एक रात्र आहे. कण शरीरात आहेत, पण अजून काही घडलेलं नाही. त्या रात्री विचार बदलून तो सकाळी नको म्हणाला, तर कुणी लेझर लावू शकत नाही. यकृतात गेलेलं सोनं मात्र तिथेच राहील, आणि किती दिवस राहील ते त्याला संमतीच्या पहिल्या सहीच्या वेळीच सांगावं लागेल, दुसऱ्या दिवशी नाही.